बुखारीच्या शेल्टरमध्ये सकाळी डोकं जड, कफ काळा; हवा खेळती ठेवायची कशी?

कोरेगावकर

राम राम मंडळी. आम्ही फौजेतले, त्यामुळे जागेचं नाव अर्थातच देत नाही. उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास, रात्री बाहेर उणे २०. शेल्टर एफआरपीचं (फायबरग्लासचं), २० बाय १६ फूट, उंची ७ फूट, झोपणारे आठ जण. मधोमध रॉकेलची ठिबक बुखारी (खोली तापवायची शेगडी), तासाला ४०० मिलीच्या आसपास रॉकेल खाते. चार इंची पत्र्याची चिमणी एल्बो देऊन भिंतीतून बाहेर काढली आहे आणि छताच्या कडेपाशी संपते. सगळ्या फटी फोम आणि टेपनं बुजवल्या आहेत, दाराला आतून कांबळं. झोपताना बुखारी अगदी मंद करून ठेवतो.

सकाळी उठल्यावर बहुतेकांचं डोकं जड असतं, कोणाला मळमळ. फॉलिनला (हजेरीच्या रांगेला) बाहेर उभं राहिलं की तासाभरात उतरतं. नवीन कोणी नाही, सगळे ॲक्लिमटाइझ झालेले, म्हणजे उंचीला रुळलेले आहेत. ऑक्सिमीटरवर आकडे उलट चांगलेच दिसतात. नाकातून काजळी निघते, कफ काळा, दोघांचा खोकला हटत नाही. भिंतीवर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे, पण तो रात्री गप्प असतो आणि दिवसा बुखारी बंद असताना मधेच ओरडतो, म्हणून पोरांनी त्याचा सेल काढून ठेवलाय.

प्रश्न असे. हवेसाठी भोक ठेवलं तर शेल्टर गार पडतं असं सगळे म्हणतात, ते कितपत खरं? भोक किती मोठं आणि कुठे पाडायचं? बुखारीजवळ पाण्याची बादली ठेवली की गॅस पाण्यात जातो, हे खरं का? आणि त्या खोकल्याचं काय करायचं?

धुराडं

आधी आज रात्रीचं बोलू. हा कार्बन मोनॉक्साइडच आहे असं धरून चाला. दुसरं काही निघालं तर चांगलंच. अलार्ममध्ये सेल परत घाला. झोपण्याआधी बुखारी पूर्ण बंद करा. म्हणजे तोटी बंद केल्यावर भांड्यात उरलेलं रॉकेल जळून संपेपर्यंत एकानं जागं राहायचं. दाराच्या वरचा टेप आणि खालच्या बाजूचा एखाद्या फटीचा टेप आत्ताच काढा. मग पुढचं सावकाश वाचा.

बुखारी मंद करून झोपणं हेच मूळ दुखणं आहे. ठिबक बुखारीत रॉकेल भांड्याच्या उष्णतेनं वाफ होऊन जळतं आणि त्याला लागणारी हवा चिमणी ओढते. आच मंद केली की चिमणी गार होते, गार चिमणीची ओढ कमी पडते, हवा अपुरी मिळते आणि अर्धवट जळलेला धूर तयार होतो. त्यात मोनॉक्साइडही असतो आणि काजळीही. वर ओढ नसल्यामुळे तो बाहेर न जाता जोडांमधून खोलीत उतरतो. हे सगळं नेमकं आठही जण झोपेत असताना चालतं. संध्याकाळी दणकून पेटवा, शेल्टर तापवा, झोपताना विझवा आणि पहाटे ज्याची ड्यूटी त्यानं पुन्हा पेटवावी. रात्रभर चालू ठेवणं भागच असेल तर आच मध्यम ठेवून पाळीनं एक माणूस जागा हवा.

उंचीचा हिशेबही समजून घ्या. तुमच्याकडे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्के आहे. एक लिटर रॉकेल जळायला सुमारे १२ किलो हवा लागते. मुंबईत ती १० घनमीटरमध्ये मिळते, तुमच्याकडे त्यासाठी १७ घनमीटर लागतात. प्रत्यक्षात स्वच्छ जळण्यासाठी त्याच्या दीडपट ते दुप्पट धरा. दुसरीकडे चिमणीची ओढ घटते. धूर २०० अंशांवर, बाहेर उणे २० आणि चिमणी ३ मीटर धरली तर समुद्रसपाटीला १९ पास्कल ओढ मिळते, तुमच्याकडे ११. म्हणजे गरज वाढली आणि ओढ घटली. खाली मैदानात तोटी जिथे ठेवली की ज्योत छान लागायची, तिथेच इथे ठेवली तर बुखारीला जास्त रॉकेल होतं. थेंब कमी करा, पण चिमणी गार पडेल इतके नाही. ज्योत लांब, नारिंगी आणि टोकाला धुरकट दिसली तर हवा कमी पडते आहे.

आता चिमणी. छताच्या कडेपाशी संपणारी चिमणी चालणार नाही. छतावरून वारा गेला की तो धूर खाली दाबतो. छतापासून किमान ३ फूट वर न्या आणि तारेचे ताण द्या. जास्त उंच केली तर ओढ वाढेल, पण बाहेरचा पाइप उघडा असेल तर तो गार पडून फायदा निम्मा वाया जातो. म्हणून बाहेरच्या भागाला एक-दोन इंच रॉकवूल गुंडाळून वरून पत्रा लावा. याचं आणखी एक कारण म्हणजे बर्फ. लिटरभर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात धुरात येतं. गार पाइपात ते टोपीपाशी गोठतं आणि तोंड हळूहळू बंद होतं. टोपीला बारीक जाळी असेल तर काढून टाका, जाळीवर बर्फ आधी धरतो.

एल्बो दोनच्या वर नको. आडवा तुकडा दोन-तीन फुटांपेक्षा लांब नको, आणि तोही बाहेरच्या दिशेनं चढता हवा, फुटाला पाव इंच तरी. बाहेर एल्बोऐवजी टी लावून खाली झाकण ठेवा, काजळी तिथून काढता येते. पाइप जोडताना वरच्या पाइपचं अरुंद तोंड खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी हे उलटं असतं आणि काळं पाणी जोडावरून बाहेर ओघळतं. तुमच्या पाइपावर तसे ओघळ असतील तर जोड उलटे आहेत हे समजा. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. फट भरायला फायर सिमेंट वापरा. एम-सील आणि टेप दोन्ही जळतात.

भिंतीतून पाइप जातो तिथे नीट बघा. एफआरपीच्या पत्र्यांमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम असतो. एकेरी पत्र्याचा तापलेला पाइप त्याला टेकला तर फोम धुमसतो आणि त्या धुरात मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही येतो. पाइपाभोवतीचा फोम मोठ्या चौकोनात कापून काढा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पत्रा मारा, मधे रॉकवूल भरा. पाइप आणि जळणारी कुठलीही वस्तू यांत दीड फूट अंतर ठेवा. कांबळं, जर्किन, वाळत घातलेले मोजे, सगळं यात आलं.

आठवड्याला एकदा चिमणी ठोकून ब्रशनं झाडा आणि बुखारीच्या भांड्याची हवेची भोकं तारेनं मोकळी करा. भोकांवर कार्बनचा थर बसला की बाकी सगळं नीट असूनही ज्योत काळीच लागते.

बॅकब्लास्टचंही सांगतो. ज्योत मधेच विझली तरी रॉकेल ठिबकतच राहतं. तापलेल्या भांड्यात त्याची वाफ साठते आणि काडी लावली की तोंडावर भडका उडतो. तोटी बंद करा, भांडं हाताला गार लागेपर्यंत थांबा, तळाचं रॉकेल चिंधीनं पुसून घ्या, मग पेटवा. मधेच विझण्याचं नेहमीचं कारण रॉकेलमधलं पाणी असतं. ते नळीत गोठून थेंब अडतो, मग वितळलं की रॉकेल एकदम सुटतं. जेरीकॅन रात्रभर स्थिर ठेवा, तळचं चार बोटं रॉकेल वापरू नका, नरसाळ्याला गाळणी लावा. पेट्रोल मिसळायचा विचारसुद्धा नको.

नवी बुखारी येणार असेल तर उत्तमच. डीआरडीओच्या डिपास या संस्थेनं २०२१ मध्ये लडाख-सियाचेनसाठी हिम तापक नावाचं तापक पुढे आणलं, ते बॅकब्लास्ट आणि मोनॉक्साइड हे दोन्ही धोके डोळ्यांपुढे ठेवूनच. त्याच वर्षी सोनम वांगचुक यांनी रॉकेलशिवाय चालणारा, दिवसाचं ऊन साठवणारा तंबूही दाखवला. पण तुमच्या हातात आज जी बुखारी आहे तिची चिमणी आधी नीट करा.

एएमसी_निवृत्त

धुराडं यांनी यंत्राचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो.

उंचीची डोकेदुखी आणि मोनॉक्साइडची डोकेदुखी यांत लक्षणांवरून फरक करता येत नाही. डोकं, मळमळ, चक्कर, गळून जाणं, दोन्हींत तेच. फरक कळतो तो मांडणीवरून. उंचीचा त्रास वर चढल्यावर पहिल्या काही दिवसांत होतो. उंचीला रुळण्याचे सहा, चार आणि चार दिवसांचे तिन्ही टप्पे पुरे करून रुळलेल्या माणसाला पुन्हा रोज सकाळी डोकेदुखी सुरू होणं, एकाच शेल्टरमधल्या अनेकांना एकाच वेळी होणं आणि बाहेर गेल्यावर उतरणं, ही मोनॉक्साइडची खूण आहे. शेजारच्या शेल्टरमध्ये विचारून बघा. तिथे कोणाला काही होत नसेल तर दोष शेल्टरमध्येच आहे.

ऑक्सिमीटरच्या चांगल्या आकड्यांवर जाऊ नका. बोटाला लावायचं साधं यंत्र मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनवालंच समजतं. साडेचार हजार मीटरवर रुळलेल्या माणसाचं ८० ते ९० च्या मधे काहीतरी येणं स्वाभाविक आहे. एखाद्याचं डोकं फुटतंय आणि आकडा ९५-९६ दाखवतोय, तर तो आकडा दिलासा देणारा नाही, संशय वाढवणारा आहे.

खात्री रक्ततपासणीनं होते, को-ऑक्सिमीटरवर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) बघून. नमुना मात्र उठल्याउठल्या, ऑक्सिजन लावण्याआधी घ्यायला हवा. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्मं व्हायला ४ ते ६ तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर तास-सव्वा तास. दुपारी मेडिकल तपासणीला गेलात तर काही सापडणार नाही. धूम्रपान न करणाऱ्यात ३-४ टक्क्यांच्या वर आणि करणाऱ्यात १० टक्क्यांच्या वर आलं तर विषबाधा धरायची. ही सोय वर नसतेच, तेव्हा रक्तासाठी उपचार थांबवू नका.

कोणी भोवंडला, बरळायला लागला किंवा उठत नसेल तर आधी दार सताड उघडा, त्याला बाहेर काढा, उबदार गुंडाळा, रिझर्व्हॉयर पिशवीच्या मास्कनं मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजन द्या आणि आरएमओला (पलटणीच्या डॉक्टरला) बोलवा. बाकीच्यांनाही बाहेर काढा, जे "मला काही होत नाही" म्हणतात त्यांनाही. आत जाणाऱ्यानं एकट्यानं जाऊ नये. बेशुद्ध झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसला तरी विषय संपत नाही. २ ते ४० दिवसांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं उद्भवू शकतं. त्याच्या नोंदी कागदावर असल्या पाहिजेत.

हापो, म्हणजे उंचीवर फुप्फुसांत पाणी साठणं, विसरू नका. बसल्याजागी दम लागणं, आडवं झाल्यावर वाढणारा खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी हे दिसलं तर ऑक्सिजन देऊन खाली उतरवणं हाच उपाय. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं. मोनॉक्साइड सापडला म्हणून हापोचा विचार सोडू नये, आणि उलटही.

आता काळा कफ. ती काजळी आहे, श्वासनळ्या ती बाहेर टाकतायत. धूर थांबला की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत रंग साफ व्हायला हवा. नाही झाला तर एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी). खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय त्या दोघांची थुंकी क्षयासाठी तपासून घ्या. आठ माणसं एका बंद खोलीत झोपतात तिथे ही तपासणी टाळायची नसते. थुंकीत रक्त, ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

रात्री किंवा पहाटे छातीत घरघर होत असेल तर पीक फ्लो मीटरवर सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका मारून सर्वांत मोठा आकडा लिहा, दोन आठवडे. रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांच्या वर असेल तर दम्याकडे बघायचं. विरळ हवेत हे साधं मीटर मुळातच कमी दाखवतं, म्हणून मैदानातल्या माणसांच्या तक्त्याशी तुलना करू नका, त्याच माणसाच्या तिथल्याच आकड्यांशी करा. इनहेलर गारठला की डोस अपुरा सुटतो. तो आतल्या खिशात ठेवा.

एन-९५ मास्कनं काजळी अडेल, मोनॉक्साइड अजिबात नाही. चिमणी झाडताना जरूर लावा. झोपताना लावून काही साधत नाही.

लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा खालचा दर्जा) लागेल म्हणून पोरं खोकला लपवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना सांगा, लवकर सापडलेला धुराचा खोकला बहुधा धूर थांबल्यावर जातो. वर्षानुवर्षं लपवलेला, त्यात बिडीची भर पडलेला, तो कायमचा होतो, आणि मग कॅटेगरी चुकत नाही.

मोजमाप

अलार्म रात्री गप्प का, ते सांगतो. घरगुती अलार्म मुद्दाम उशिरा वाजतो. अमेरिकी प्रमाणाचा असेल तर ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांनी, १५० ला १० ते ५० मिनिटांनी, ४०० ला ४ ते १५ मिनिटांनी. युरोपीय असेल तर ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांनी, १०० ला १० ते ४० मिनिटांनी, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे रात्रभर ४० पीपीएम राहिलं तरी दोन्ही गप्प राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन पीपीएमच्या जवळपास आहे. त्यामुळे आकडा दाखवणारं यंत्र घ्या आणि झोपताना, मध्यरात्री, उठताना आकडा वहीत लिहा. ९ च्या वर सतत राहिलं तर दोष शोधायचा, ३० दिसलं तर बुखारी बंद आणि दार उघडं.

दिवसा बुखारी बंद असताना का ओरडतो? शेल्टरमध्ये बॅटऱ्या चार्ज करता का? लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. सॅनिटायझरच्या वाफेलाही फसतो. अलार्म काढण्याऐवजी चार्जिंग बाहेर हलवा, तो हायड्रोजन तसाही झोपायच्या खोलीत नको. जनरेटरही याच कारणानं बघून घ्या: त्याचं धुराडं शेल्टरपासून किमान ६ मीटर दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

अलार्म बुखारीपासून २-३ मीटर लांब, झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या उंचीला लावा. छताच्या कोपऱ्यात नको, कांबळ्यामागे नको. मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, जवळपास सारख्याच वजनाचा. तो सगळीकडे मिसळतो. वरच्या बंकवर झोपलं म्हणून कोणी वाचत नाही. साधे अल्कलाइन सेल थंडीत बसतात, लिथियमचे घाला. अनेक अलार्मची कामाची मर्यादा शून्याच्या आसपासच असते. दिवसभर गारठलेल्या शेल्टरमध्ये खोली तापेपर्यंत त्याच्यावर विसंबू नका. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. मागे छापलेली मुदत बघा, ती उलटली असेल तर बदला.

पाण्याची बादली: नाही. मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बादलीनं घसा कमी कोरडा पडतो, तेवढ्यासाठी ठेवा. मेणबत्ती विझते का बघणं हेही निरुपयोगी. ती विझायला ऑक्सिजन १६ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो, आणि मोनॉक्साइड ०.१ टक्क्यालाच माणूस मारतो.

आता मुख्य प्रश्न, भोकाची किंमत. तुमचं शेल्टर ६३ घनमीटर. झोपलेला माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो तो तुमच्या दाबाला तासाला २३ लिटर होतो, आठ जणांचा १८४. तो २,००० पीपीएमच्या आत ठेवायचा तर तासाला ११५ घनमीटर ताजी हवा लागते. ती उणे २० वरून अधिक १० पर्यंत तापवायला ०.७ किलोवॉट लागतात. आठ तासांत साडेपाच युनिट. लिटरभर रॉकेलमध्ये १० युनिट असतात, बुखारी त्यातले ५-६ खोलीत देते. म्हणजे आठ माणसांच्या रात्रभराच्या ताज्या हवेची किंमत एक लिटर रॉकेल. "शेल्टर गार पडतं" म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

उलट बाजू बघा. तासाला ४०० मिली रॉकेल जळताना त्यातला फक्त २ टक्के कार्बन मोनॉक्साइड झाला आणि निम्मा धूर खोलीत परतला, तर बंद शेल्टरमध्ये तासाभरात दीडशे पीपीएम होतात. इतकीच गळती खाली मैदानात झाली असती तर ८५ झाले असते, कारण तिथे तेवढ्याच खोलीत हवेचे रेणू जास्त असतात.

भोकाचा आकार: वारा नसताना, खालचं आणि वरचं भोक दोन मीटर अंतरावर धरून, खाली दोन आणि वर दोन, प्रत्येकी सहा इंची पाइप. खालचे बुखारीच्या मागे, जमिनीपासून फूटभर, म्हणजे गार हवा आधी बुखारीला लागते, झोपणाऱ्याच्या पायांना नाही. वरचे समोरच्या भिंतीला, छतालगत. वारा असताना हवा जास्त येईल, म्हणून पाइपात सरकती पत्र्याची झडप ठेवा, पण ती पाऊण भागाच्या पलीकडे बंद होऊ नये असा खिळा मारा. नाहीतर पहिल्या वादळी रात्री कोणीतरी ती पूर्ण बंद करणार आणि मार्चपर्यंत उघडणार नाही.

एक्झॉस्ट पंखा लावायचा मोह होतो, लावू नका. पंखा खोलीतली हवा ओढतो आणि ११ पास्कलवर चाललेली चिमणी उलटी वाहायला लागते.

कोरेगावकर

साहेब लोक, खूप आभार. जोड उलटेच निघाले, काळे ओघळ आहेत. बॅटरी चार्जिंगही आतच होतं, ते हलवतो. दोन शंका: बर्फ पडला की खालचे पाइप बुजतील, त्याचं काय? आणि सकाळी पाण्यासाठी बर्फ आतच प्रेशर स्टोव्हवर वितळवतो, पंधरा-वीस मिनिटं. तेवढं चालेल का?

धुराडं

स्टोव्हचं आधी, कारण त्याला चिमणीच नाही. बर्फ वितळवणं हे त्यातलं सर्वांत घाणेरडं काम. थंडगार भांड्याचा बूड ज्योतीला टेकला की ज्योत तिथे विझते आणि जळणं अर्धवट राहतं. विषबाधेला पंधरा मिनिटंही पुरेशी आहेत. ते काम लंगरमध्ये (स्वयंपाकघरात) न्या, किंवा दाराबाहेर वाऱ्याला आडोसा करून. बर्फाचं भांडं बुखारीच्या डोक्यावर ठेवायला हरकत नाही, कारण तिथे ज्योत भांड्याला लागत नाही. फक्त सांडून बुखारीत पाणी जाणार नाही एवढं बघा. भांड्यात आधी थोडं पाणी ठेवून मग बर्फ टाका, लवकर वितळतं.

वातीचे दिवे असतील तर तेही बंद करून एलईडी वापरा. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के काजळी होऊन हवेत जातं. तुमच्या काळ्या कफात त्याचाही वाटा असेल.

पाइप बुजण्यासाठी: बाहेरच्या तोंडाला खाली वळणारा एल्बो द्या, वाऱ्याच्या आडच्या बाजूला घ्या, आणि खालच्या पाइपाचं बाहेरचं टोक उभं करून बर्फाच्या नेहमीच्या थराच्या वर न्या. आत मात्र तो फूटभर उंचीलाच उघडू द्या. जाळी लावायची तर अर्ध्या सेंटीमीटरच्या वरची, मच्छरजाळी नको, ती दंवानंच बंद होते. पहारा बदलताना एक लांब काठी दोन्ही पाइपांत आणि चिमणीच्या टोपीभोवती फिरवायची, हे पहारेकऱ्याच्या कामांच्या यादीत लिहून टाका.

गनरची_बायको

दादा, विषय थोडा वेगळा. आम्ही देवळालीला फॅमिली क्वार्टरमध्ये आहोत. बाथरूममध्ये एलपीजीचा गॅस गिझर आहे, एक्झॉस्ट पंखाही आहे. अंघोळीनंतर मुलाला चक्कर येते. हे तेच का?

मोजमाप

ताई, बहुधा तेच. आजपासून गिझर चालू असताना आत कोणी अंघोळ करू नका. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग अंघोळ. गिझर चालू असताना पंखा लावू नका, वर शेल्टरला सांगितलं तेच कारण: पंखा गिझरचा धूर परत खोलीत ओढतो. ज्योत निळीच हवी, पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर बंद. कायमचा उपाय म्हणजे गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या बाल्कनीत लावून आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणणं. क्वार्टर सरकारी आहे, भिंतीला भोक पाडण्याआधी एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम-देखभाल विभागाच्या) तक्रार नोंदवहीत लिहा आणि कारण स्पष्ट "कार्बन मोनॉक्साइड" असंच लिहा. "गिझर दुरुस्ती" लिहिलंत तर प्लंबर येऊन वॉशर बदलून जाईल. मुलाला पुन्हा चक्कर आली तर तिथूनच थेट मिलिटरी हॉस्पिटलला न्या आणि गॅस गिझरचं सांगा. अंघोळीनंतर चक्कर म्हटलं की सगळे उपाशीपोटी आली असेल म्हणतात.

एएमसी_निवृत्त

ताईंना एक जोड: उलटी, पेंग किंवा शुद्ध हरपणं असं काही झालं असेल तर पुढच्या वेळेची वाट बघू नका, आजच दाखवा.

कोरेगावकर, आठही जणांची नावं आणि कोणाला कधी डोकेदुखी होती, हे तारखेसह एका कागदावर लिहून आरएमओकडे द्या, सोबत मोजमाप यांनी सांगितलेल्या वहीतले पीपीएमचे आकडे. चिमणी बदलल्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही. चिमणीचे पाइप आणि रॉकवूल मागायला इंजिनिअरांकडे तोच कागद कामाला येईल.